गुडघाभर पाणी

निकान्द्र परत आला, असं सगळं गाव म्हणत होतं. त्याची आई तेवढी म्हणत नव्हती.

कोणी विचारलं की अर्खिप्पी म्हणायची, "बघू." आणि पुन्हा मागाकडे वळायची. शेजारणी एकमेकींना कोपरं मारायच्या. दहा वर्षांनी पोटचा पोरगा युद्धावरून परत आलाय आणि ही बया "बघू" म्हणते! मासळी घ्यायला आलीय की काय?

पण तिच्या मनात पाल चुकचुकत होती, त्याला ती तरी काय करणार?

झालं होतं असं. समुद्रापलीकडचा तो कोट एकदाचा पडला होता, राजांची जहाजं परतत होती आणि डोंगराकडच्या वाटेने रोज एखादा रापलेला, फाटका माणूस आपलं गाव शोधत जात होता. अर्खिप्पीची लेक मेलिती झऱ्यावर पाणी भरत होती. तिने त्यातल्या एकाच्या अंगावरचा झगा पाहिला. काठाला लाल-पिवळी नक्षी, थेट आईच्या मागावरची. झालं! घागर तिथेच टाकून पोरगी "दादा, दादा" करत धावत सुटली. दादा गेला तेव्हा ही आठ वर्षांची होती. तिला दादाचा चेहरा काय आठवणार, कपाळ? तिला झगा आठवत होता.

अर्खिप्पी दारात आली तोवर निम्मं गाव जमलं होतं. तिने आधी झगा पाहिला. आपलं विणकाम बाई कुठेही ओळखते. झगा तिचाच होता, आणि त्याच्या काठातला एक धागा कोणीतरी अखंड ओढून काढलेला होता, तेही तिला लगेच दिसलं. मग तिने वर पाहिलं. दाढी, मोडलेलं नाक, उन्हाने करपलेलं कातडं. माणूस तिच्याकडे बघून म्हणाला, "आई."

"झगा माझा आहे," अर्खिप्पी म्हणाली. "आतला माणूस कोणाचा, ते बघू."

त्याला घरात घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. आमच्याकडे ज्याच्यासाठी रडून झालं तो मेला. मग तो स्वतःच्या पायांनी चालत आला तरी मेलेलाच. निकान्द्र तळावरच्या साथीत गेल्याचा निरोप मागेच आला होता. अस्थी नाहीत, काही नाही, म्हणून रिकाम्या खड्ड्यात त्याचे कपडे ठेवून, तीनदा हाक मारून, सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. असा माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्मावं लागतं. आईने त्याला तान्ह्यासारखं न्हाऊ घालायचं, बाळंत्यात गुंडाळायचं, चारचौघांसमोर छातीशी घ्यायचं आणि नावाने तीनदा हाक मारायची. तोवर त्याला कोणी शिवायचं नाही, त्याने उंबरा ओलांडायचा नाही. हसायचं असेल तर हसा. आमच्या आज्यापणज्यांनी हे केलंय, आणि त्या काही खुळ्या नव्हत्या.

तर तो माणूस मेंढ्यांच्या वाड्यात राहू लागला. मेलिती लांबूनच त्याच्याकडे भाकरी फेकायची आणि तो ती झेलायचा. दोघं खदाखदा हसायचे. अर्खिप्पी कुडाआडून बघत राहायची.

"आई, असं चोरासारखं काय बघतेस गं?" मेलिती एकदा वैतागून म्हणाली. "सरळ जाऊन बोल ना त्याच्याशी."

"बोलले की."

"मग? म्हाताऱ्या शेळीचं नाव बरोबर सांगितलं. रांजणाला तडा कुठे होता ते सांगितलं. मी अंजिराच्या झाडावरून पडले होते ते सांगितलं. अजून काय हवंय तुला?"

"तेच तर," अर्खिप्पी म्हणाली. "तुझ्या दादाला स्वतःच्या चपला कुठे काढल्या ते सांगता यायचं नाही. आणि याला रांजणाचा तडा आठवतो?"

"युद्धात माणसं बदलतात."

"विसरभोळ्याची स्मरणशक्ती वाढते असं युद्ध मी तरी ऐकलं नाही."

मेलितीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुला तो नकोच आहे. तुला तेव्हाही नको होता."

हे मात्र अर्खिप्पीच्या काळजात घुसलं. पोरीला सगळं ठाऊक नव्हतं, पण जेवढं गावाला ठाऊक होतं तेवढं तिलाही होतं. जहाजं निघाली त्या दिवशी झाडून साऱ्या आया किनाऱ्यावर गेल्या होत्या, अर्खिप्पी गेली नव्हती.

तिचा नवरा समुद्राने नेला होता. त्यानंतर पोरगा दुसऱ्या कोणाच्या तरी भांडणासाठी त्याच समुद्रावर निघाला, तर तिचं डोकं फिरलं. आमच्याकडे निघणाऱ्याच्या मनगटावर आई आपल्या लोकरीचा दोरा बांधते. परत यायची वाट त्या दोऱ्यानेच सापडते म्हणतात. निकान्द्र दारात उभा राहिला, मनगट पुढे करून. ती मागाकडे तोंड करून बसली होती. "आई, बांध ना," तो म्हणाला. ती वळली नाही. "समुद्रालाच सांग बांधायला," असं म्हणाली आणि धोटा फेकत राहिली. मागे पावलं वाजली, आणि त्यांचा आवाज विरेपर्यंत धोटा चालूच होता. गावाला वाटत होतं की किनाऱ्यावर गेली नाही तरी दोरा तिने घरी बांधला असेल. बांधला नव्हता, हे तिला आणि निकान्द्रला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून ती किनाऱ्याकडे फिरकली नाही. मासळी हवी असेल तर मेलितीला पाठवायची.

म्हणून ती त्या माणसाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. तो खरा असेल, तर तो एक ना एक दिवस तिला त्या सकाळबद्दल विचारणार. आणि तो विचारत नव्हता. शेळीबद्दल बोलायचा, अंजिराबद्दल बोलायचा, पण त्या सकाळबद्दल चकार शब्द नाही. माफ केलं असेल? की याला माहीतच नाही?

रात्रंदिवस हाच किडा डोक्यात. तो चालला की ती त्याची पावलं बघायची. तो पाणी प्यायला की गळा बघायची. निकान्द्रच्या अंगावर ना कुठे डाग, ना तीळ. आणि चेहरा म्हणाल, तर दहा वर्षं रोज आठवून आठवून तोही झिजून गेला होता. आता आठवायला जावं तर मनगट तेवढं दिसायचं.

न्हाणाच्या आदल्या दिवशी लिकोन आला. हा तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. गोड बोलायला लागला की समजावं, याने काहीतरी हेरलंय.

"वहिनी, तुमची तब्येत बरी दिसत नाही."

"बरी आहे, भाऊजी."

"मनात किंतू असेल तर बोलून टाका. तुम्ही आई आहात. तुम्ही छातीशी धरलं नाही, तर आम्ही कोण त्याला निकान्द्र म्हणणार?" तो जरा जवळ सरकला. "आणि मेलितीची काळजी नको. घरात पुरुष नाही म्हटल्यावर रीतच आहे, जमीन माझ्याकडे आणि पोरगी माझ्या पोराकडे. घरातली लक्ष्मी घरातच राहील."

त्याच्या पोराने पहिली बायको मारून मारून पळवून लावली होती, हे अख्ख्या खोऱ्याला माहीत होतं. अर्खिप्पीने लिकोनच्या ओठांकडे पाहिलं. ते हसत होते. आपण ज्या शंकेने पोखरून निघतोय, तीच शंका हा माणूस लोण्यासारखी चाटतोय!

"न्हाऊ घालताना बघेन," ती म्हणाली. "तोवर मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही."

"माझे हात सांगतील," असं ती मनाशी म्हणाली. ज्या हातांनी त्याला पहिल्यांदा न्हाऊ घातलं, ते हात खोटं कसं बोलतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण माणसांनी भरलं. म्हाताऱ्या गोर्गोने चुलीवर पाणी चढवलं होतं. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती आणि ती सगळ्यांना ते ऐकवायची.

"एवढं दांडगं बाळ मी जन्मात काढलं नाही गं बाई!" ती त्या माणसाकडे बघून ओरडली. "आणि दाढीसकट! अर्खिप्पी, कंबर सांभाळ, पोरी!"

बायका फिदीफिदी हसल्या. मेलिती सगळ्यात जोरात हसली. आणि तेवढ्यात लिकोन पुढे आला.

"हसणं झालं असेल तर एक विचारू?" तो म्हणाला. "हा माणूस शेळीचं नाव सांगतो. ते शेळीही सांगेल. निकान्द्र असल्याची काही खूण आहे का याच्याकडे?"

त्या माणसाने एकदा मेलितीकडे पाहिलं. मग डाव्या मनगटावर धनुर्धारी बांधतात तसा कातडी पट्टा होता, तो सोडला. पट्ट्याखाली दोरा होता. मळून काळपट झालेला, पण लाल आणि पिवळा पीळ अजून ओळखू येत होता.

"आईचा दोरा," तो म्हणाला.

अंगणात एकच गलका झाला. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी रडायला लागलं. "बघा! दहा वर्षं जपला पोराने!" लिकोनचं तोंड पार उतरलं. तरी त्याने शेवटचा घाव घातला.

"वहिनी, दोरा तुमचा आहे?"

अर्खिप्पी पुढे झाली. न शिवता, वाकून, तिने दोरा नीट पाहिला. मंजिष्ठेच्या मुळांचा तिचा लाल रंग, कांद्याच्या सालींचा तिचा पिवळा, उलट्या हाताचा तिचा पीळ. मग तिची नजर झग्याच्या काठावर गेली, जिथला धागा कोणीतरी ओढून काढला होता.

"लोकर माझी आहे," ती म्हणाली. यात एकही शब्द खोटा नव्हता.

लोकांनी आनंदाने आरोळी ठोकली. अर्खिप्पी त्या माणसाला घेऊन आडोशाच्या न्हाणीकडे निघाली. तिथून चार पावलांवर गर्दी होती, पण मध्ये कांबळं टांगलं होतं. "बाळंती वाळत घातलीत, घेऊन येते," म्हणत गोर्गो लंगडत गेली.

तो मातीच्या पसरट कुंडात गुडघे पोटाशी घेऊन बसला. अर्खिप्पीने त्याच्या पाठीवर पाणी ओतलं. हात काहीच सांगत नव्हते. पाठ पाठीसारखी होती.

"दोरा कोणी बांधला?" तिने हळूच विचारलं.

"तूच की, आई."

"कुठे?"

"किनाऱ्यावर." तो समोर बघत, भरभर, घोकल्यासारखं बोलू लागला. "जहाज सुटलं होतं आणि तू धावत आलीस. तशीच पाण्यात शिरलीस, गुडघ्यापर्यंत. मी वाकून हात खाली दिला आणि तू दोरा बांधलास. बाकीच्या बायका घरी गेल्या. तू तिथेच उभी होतीस, शीड दिसेनासं होईपर्यंत."

तिने पाणी ओतायचं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर बाहेर आवाज थांबला असता.

"गाठ बघ," ती म्हणाली. "एक टोक चावलेलं आहे. आई पोराला दोरा बांधते तेव्हा तिला दोन हात असतात. दात लागतात ते स्वतःच्याच मनगटावर बांधणाऱ्याला."

त्याची पाठ ताठ झाली.

"झग्याचा धागा काढून त्याने स्वतःच बांधून घेतला," अर्खिप्पी म्हणाली. "मी नाही बांधला. मी किनाऱ्यावर गेलेच नव्हते. हे माझ्या पोराला माहीत होतं, आणि तुला माहीत नाही." तिचा आवाज फाटला. "जिवंत माणूस असा दोरा कोणाला काढून देत नाही. कसा गेला तो?"

दोन्ही हातांनी तोंड झाकून तो म्हणाला, "तापाने. हिवाळ्यात. पालथ्या घातलेल्या जहाजाखाली आम्ही राहायचो. मी शेजारी होतो. एकटा नव्हता तो, एवढं मी सांगू शकतो. मनगट इतकं बारीक झालं होतं की गाठ न सोडता दोरा निघाला. म्हणाला, आईला नेऊन दे."

अर्खिप्पीने त्याच्या थोबाडीत मारली. ओल्या हाताची चपराक सणसणीत बसली; बाहेर बायका हसल्या, बाळाला रडवतेय असं वाटून.

"आणि तू हे केलंस!" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"मी द्यायलाच आलो होतो! द्यायचा आणि पुढे जायचं. पण ती 'दादा' म्हणत धावत आली. आमचं गाव जाळलं मागेच, माझ्याकडे धावत येणारं कोणी उरलं नाही. म्हटलं, उद्या सांगू. मग परवा सांगू." तो रडत होता, नाक मुलासारखं हातानेच पुसत होता. "माझं नाव आल्किस. मी जातो. मागच्या बाजूने निघून जातो."

"बस खाली." तिने त्याचा खांदा दाबला. "ते किनाऱ्याचं. ते त्याने सांगितलं?"

"रोज सांगायचा. आम्हाला पाठ झालं होतं. कोणी वैतागून म्हणायचं, पुरे रे निकान्द्र, आमच्याही आया आल्या होत्या. तर तो म्हणायचा, गुडघ्यापर्यंत नव्हत्या आल्या."

अर्खिप्पीने पदर तोंडात कोंबला. पोरगा मेला होता. एकदा रिकाम्या खड्ड्यापाशी मेला होता, पण तेव्हा तिने अर्धवटच मरू दिला होता. अस्थी नाहीत, मग खरं कशावरून, असं म्हणत ती आत कुठेतरी वाट बघत राहिली होती. आता मात्र तो पुरता मेला. आणि मरताना आईला दारातून उठवून, हाताला धरून, पाण्यापर्यंत घेऊन गेला होता. तिने जे केलं नाही ते त्याने तिच्या नावावर करून टाकलं होतं. तिला त्याचा राग आला, इतका राग आला की तो समोर असता तर तिने त्याला घट्ट धरून बडवला असता.

"वहिनी!" बाहेरून लिकोनची हाक आली. "काय सांगतात हात?"

तिने डोळे पुसले. त्या माणसाची हनुवटी धरून चेहरा वर केला. पहिल्यांदाच तिने तो नीट पाहिला. हा कोणासारखाही दिसत नव्हता. एक दमलेला माणूस होता.

"माझ्या पोरीवर हात उचलशील कधी?"

"नाही."

"चुलता दारात आला तर?"

"येऊ तर दे."

"दोरा इकडे आण."

त्याने तो ओढून काढला. मनगटाची कातडी सोलवटली. तिने दोरा आपल्या हातात सरकवला. तिचा हात लहान, तो सहज गेला. तेवढ्यात गोर्गो बाळंती घेऊन आली. दोघांची तोंडं बघून म्हातारीने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि काही न बोलता त्याला गुंडाळायला लागली. तिला काय कळलं, काय नाही, ते तिने मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

अंगणात गुंडाळलेल्या त्या गड्याला मांडीवर घेताना बायका पुन्हा हसल्या. अर्खिप्पीने चोळीचा टाका सोडला आणि त्याचं डोकं आपल्या कोरड्या छातीशी घेतलं. हसणं विरलं. आता नावाने हाक मारायची होती.

"निकान्द्र!"

खड्ड्यापाशी मारलेल्या हाका तिच्या घशातच राहिल्या होत्या. ही राहिली नाही. कुत्री उठून उभी राहिली.

"निकान्द्र!"

"बघा गं, आईची माया," कोणीतरी म्हणालं आणि डोळे पुसले. मेलिती तर हमसून हमसून रडत होती. ही हाक जन्मलेल्यासाठी नाही, हे त्या अंगणात छातीशी धरलेल्या माणसाला एकट्याला समजत होतं.

"निकान्द्र!"

लिकोन थुंकला आणि चालता झाला. मग बोकड कापला, सांजा शिजला, द्राक्षाची दारू पाण्यात मिसळली. आल्किसने निकान्द्र म्हणून उंबरा ओलांडला आणि आत गेल्या गेल्या, कोणी न सांगता, खिळखिळं खोरं दुरुस्त करायला घेतलं. गाव जेवायला बसलं तेव्हा अर्खिप्पी जागेवर नव्हती.

मेलिती शोधत शोधत खाली किनाऱ्यावर आली. तिचा विश्वासच बसेना. आई, किनाऱ्यावर! दिवस अजून डोक्यावरून पुरता ढळला नव्हता. समुद्र थेट क्षितिजापर्यंत मोकळा होता, एक होडीसुद्धा नाही. आणि अर्खिप्पी कपड्यांसकट पाण्यात उभी होती, गुडघ्यापर्यंत. दोरा घातलेला हात कपाळावर आडवा धरून ती लांब कुठेतरी बघत होती.

"आई! अगं, भिजलीस सगळी! चल ना, दादा तुझ्याशिवाय घास घेत नाहीये."

"येते," अर्खिप्पी वळली नाही. "थांब जरा. शीड अजून दिसतंय."